पल्याड जाण्याचे नियम

गंगाराम तायडे पंधरा वर्षं दुसऱ्यांची नावं जुळवत आला होता. सुरत स्टेशनच्या मागच्या गल्लीत बन्सीलाल शेठचा छापखाना होता आणि तिथे गंगाराम खिळे जुळवायचा. साड्यांची लेबलं, पावतीपुस्तकं आणि लग्नसराई आली की पत्रिका. खानदेशातून कारखान्यांत कामाला आलेल्या माणसांच्या घरी कार्य निघालं की मराठी पत्रिका त्याच्याच हातून जायची. शिशाची अक्षरं एकेक करून उचलायची, पट्टीत उलटी लावायची, आणि कुणा भटूचं किंवा लोटूचं लग्न जगजाहीर करायचं. स्वतःचं नाव त्याने एकदाच जुळवलं होतं, आपल्याच लग्नाच्या पत्रिकेत. त्यानंतर ते कुठे छापायचं कारणच पडलं नव्हतं.

म्हणून १९७३ च्या पावसाळ्यात शेठने त्याला बोलावून जे सांगितलं, ते ऐकून गंगारामच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

माणूस चंद्रावर जाऊन आल्यापासून शेठच्या भाच्याच्या डोक्यात तारे शिरले होते. भाचा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकायचा. त्याने एक पुठ्ठ्याचा खेळ रचला होता, 'ताऱ्यांची सफर'. गुजरातीत तो गेल्या दिवाळीला चांगला खपला. आता शेठला तो मराठीत काढून जळगाव, धुळे, नंदुरबारकडे पाठवायचा होता.

"गंगारामभाई, मराठी तमे करो," शेठ म्हणाला. "नियम, चिठ्ठ्या, बधुं. डब्ब्यावर तुमचं नाव टाकू. मराठी शब्द, गंगाराम तायडे. पण एक शरत छे. छापण्याआधी तुमच्याच चाळीतल्या नव्या माणसांना खेळायला बसवीन. नुसता कागद वाचून त्यांना खेळता आलं पाहिजे. एकदाही 'म्हणजे काय?' विचारलं, तर काम जळगावच्या प्रोफेसरकडे."

डब्ब्यावर नाव! गंगाराम त्या दिवशी बमरोलीतल्या आपल्या चाळीपर्यंत सायकल दामटत गेला, आणि घरी पोचेपर्यंत त्याने ते नाव तीन आकारांत आणि दोन रंगांत छापूनही पाहिलं, मनातल्या मनात.

खेळ तसा सोपा होता. पिवळी सोंगटी म्हणजे प्रकाश. ती दर फेरीला सहा घरं पुढे जायची. फाशावर सहाच्या वर दान पडत नाही, त्यामुळे कुणी कितीही नशीबवान असला तरी प्रकाशाला मागे टाकू शकत नसे. हे भाच्याचं डोकं! मागे टाकायचं तर एकच युक्ती होती: मधली घरं न मोजता एका ताऱ्यावरून थेट दुसऱ्या ताऱ्यावर जायचं. त्याला इंधनाच्या दोन चकत्या द्याव्या लागत, ग्रहावर उभं असताना ते करता येत नसे, आणि केल्यावर एक डाव गप्प बसावं लागे. सगळी गंमत या एका चालीत होती, आणि नियमांत व चिठ्ठ्यांत मिळून तिचा उल्लेख पस्तीस वेळा यायचा.

गुजराती कागदात तिला पस्तीस वेळा 'छलांग' म्हटलं होतं. गंगारामला लिहिणाऱ्याची कीव आली.

गंगारामचंही चुकत नव्हतं म्हणा. तो आपल्या घरातला शाळेत गेलेला पहिला माणूस. नशिराबादच्या शाळेत त्याच्या मास्तरांनी निबंधाच्या वहीत लाल शाईने लिहिलं होतं, 'एकच शब्द दोनदा आला की निबंध दरिद्री दिसतो.' गंगारामने ते वाक्य गाठीला बांधलं ते कायमचं. एका वहीत तो शब्द साठवायचा, जसं कुणी टपालतिकिटं साठवतं. आता त्या वहीचं सोनं करायची वेळ आली होती. 'उडी' हा शब्द वापरता येत नव्हता, कारण समोरची सोंगटी ओलांडायच्या साध्या चालीला तो लागला होता. बरंच झालं. तिसऱ्या नियमात त्याने लिहिलं 'प्रकाशोल्लंघन'. सातव्यात 'महाझेप'. नवव्यात 'अतिवेग'. चिठ्ठ्यांमध्ये कुठे 'विद्युत्भरारी', आणि कुठे 'तेजोलंघन'. हा शेवटचा तर त्याने स्वतः घडवला होता. झोपलेल्या बायकोलाही उठवून त्याने तो ऐकवला. आनंदी म्हणाली, "छान आहे, आता झोपू द्या."

सुटीच्या दिवशी दुपारी त्याने खोलीत चटई घातली आणि खेळ मांडला. आनंदी सातवी शिकलेली, तेव्हा वाचायला ती. खेळायला शेजारची भागीरथीबाई आणि समोरच्या खोलीतला दगाभाऊ. भागीरथीबाई कारखान्यात सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण व्यवहारात तिला कुणी गंडवून दाखवावं. दगा महाजन वीस वर्षं मागावर उभा होता, आणि मागाच्या खडखडाटाने त्याचे कान निम्मे नेले होते. तो बोलायचा तेव्हा पलीकडच्या ओळीतली मांजरं पळायची.

पहिला अर्धा तास मजेत गेला. "उजेडना पुढे कोन जास रे भाऊ?" दगाने ओरडून विचारलं, आणि भागीरथीबाई त्याच्या कानाशी जाऊन म्हणाली, "चाळमधली बातमी!" सगळे पोट धरून हसले.

मग भागीरथीबाईने चिठ्ठी उचलली. आनंदीने वाचलं, "तेजोलंघन करून स्वाती गाठा."

भागीरथीबाईने सोंगटी उचलून स्वातीवर ठेवली.

"दोन चकत्या द्या," गंगाराम म्हणाला.

"काबरं? चकत्या त्या प्रकाशो का काय, त्याले लागतस. आनंदीनी आत्तेच वाचं. हाई तं तेजो शे."

"बरं, निदान एक डाव बसा."

"ते महाझेपवालानी बसानं. मी कसाले बसू?"

गंगारामने समजावून पाहिलं. पण भागीरथीबाईने एकेक नियम बोटावर मोजून दाखवला, आणि एखादा वकील दाखवेल तसा दाखवला. पाच शब्द, म्हणजे पाच वाहनं. एकाला इंधन लागतं, दुसऱ्याला विश्रांती लागते, तिसरं ग्रहावरून सुटत नाही. तेजोलंघनाला काहीच लागत नाही, म्हणून तिला तेच हवं होतं. तिकडे दगा आपल्या सहा चकत्यांवर हात ठेवून बसला होता. यातली सगळ्यात स्वस्त गाडी कोणती ते कळल्याशिवाय तो हलायला तयार नव्हता. घोडं तिथेच पेंड खात राहिलं.

"अहो," आनंदी म्हणाली, "ह्या पाच चाली आहेत की एकच?"

"एकच."

"मग पाच नावं कशाला? एकाच बाईला पाच नावांनी हाका मारल्या तर ती 'ओ' तरी कशाला देईल?"

गंगारामच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "याला भाषा म्हणतात," तो म्हणाला. "तोच तोच शब्द वापरणं हे दरिद्री माणसाचं काम. पण तुम्हाला सांगून काय उपयोग! गाढवापुढे वाचली गीता."

भागीरथीबाईने फासा डब्यात ठेवला, सोंगट्या ठेवल्या, पदर सावरला. "आम्ही दरिद्रीच शेतस भाऊ," ती म्हणाली आणि निघून गेली. दगाला शब्द ऐकू आले नव्हते, पण चेहरे वाचायला कान लागत नाहीत. तोही उठला.

शेठ यायला आठ दिवस उरले होते. गंगारामने त्यातले पहिले दोन दिवस फुरंगटण्यात घालवले. चूक वाचणाऱ्यांची आहे, शब्दांची नाही, असं तो स्वतःला सांगत होता. स्वतःला पटेना, तेव्हा जरा मोठ्याने सांगत होता.

तिसऱ्या दिवशी आनंदीने त्याच्या हातात डबा दिला. दगाची बायको माहेरी गेली होती आणि त्याचा डबा आनंदीच करायची. "आज तुम्ही नेऊन द्या," ती म्हणाली. "आणि दरिद्री कुणाला म्हणालात ते एकदा बघून या."

गंगाराम पंधरा वर्षं सुरतेत होता, पण मागांच्या शेडमध्ये आत कधी गेला नव्हता. दारातून पाऊल टाकलं आणि त्याला वाटलं, आपलं डोकं कुणी पत्र्याच्या पेटीत घालून वाजवतंय. चाळीस माग एकाच वेळी धडधडत होते. इथे कुणी कुणाशी तोंडाने बोलत नव्हतं. सगळं हातांनी चाललं होतं. मनगट फिरवलं की उभ्या धाग्यांचं बीम संपलं. कोपरावर दोन बोटं आपटली की आडवा धागा नेणारं शटल अडकलं. मूठ दाखवली की थांब, तळवा दाखवला की चालू कर. खानदेशातली, तेलंगणातली, ओडिशातली, उत्तरेकडची, सगळी माणसं ती एकच बोली बोलत होती आणि कुणी अडत नव्हतं.

दगा एका बंद मागात हात घालून अडकलेलं शटल सोडवत होता. खटक्यापाशी एक जण त्याच्या इशाऱ्याची वाट पाहत उभा होता. शेजारी एक नवा ओडिया कारागीर होता. त्याला काहीतरी दिसलं असावं. त्याने घाईने हात वर केला आणि तळवा दाखवला. तो आधी काम करायचा तिथे तळवा म्हणजे थांब. इथे तळवा म्हणजे चालू कर. खटक्यावरच्या माणसाने खटका ओढला.

दगाने हात मागे घेतला, म्हणून बोटं राहिली. शटल सणकन समोरून गेलं.

दगा मात्र चिडला नाही. त्याने त्या नव्या माणसाचा हात हातात घेतला, त्याची बोटं एकेक करून मिटवून मूठ केली आणि ती मूठ त्यालाच तीनदा दाखवली. मग त्याचा खांदा थोपटून तो बाहेर आला.

अंगणातल्या लिंबाखाली डबा उघडत दगा म्हणाला, "तेनी चूक नही. तेना जुना कारखानामा तोच हात बराबर व्हई. पन आठे एक गोटले एकच हात. दोन हात व्हयनात, का बोटं जातस."

गंगाराम त्याच्या बोटांकडे बघत राहिला. वीस वर्षं हा माणूस एका गोष्टीला एक हात दाखवत आला, आणि त्यावर चाळीस जणांची बोटं शाबूत होती. आणि आपण त्याला दरिद्री म्हणालो.

"दगाभाऊ, माझं चुकलं," तो म्हणाला.

"काय?"

"माझं चुकलं!"

"काय म्हनस?"

"माझं चुकलं!!" गंगाराम बेंबीच्या देठापासून ओरडला. अंगणातली झाडून सगळी माणसं वळून बघायला लागली.

दगाने भाकरीचा तुकडा मोडला. "पहिल्यांदाच आयकाले उनं व्हतं," तो म्हणाला. "गोड लागनं, म्हनीसन तीनदा बोलाडं."

संध्याकाळी गंगाराम नळावर भागीरथीबाईला गाठायला गेला. तिथेही त्याने माफी मागितली, आणि चार बायकांदेखत मागितली. भागीरथीबाईने हंडा बाजूला सरकवला आणि बोलायला परवानगी दिली.

"एकच शब्द ठेवायचा ठरवलंय," गंगाराम म्हणाला. "पाचातला कोणता ठेवू? तेजोलंघन कसा वाटतो?"

"तो बोलता बोलता मन्हा दात पडी," भागीरथीबाई म्हणाली. "आन आम्ही खेळतांना तुन्हा एक तरी शब्द बोलनूत का? आम्ही तं 'पल्याड गऊ' म्हनूत."

गंगारामला आठवलं. खरंच की. दगा सोंगटी उचलून ओरडला होता, "मी चालनू पल्याड!" भागीरथीबाईही तेच म्हणाली होती. तो त्या वेळी आपल्या शब्दांवर इतका खूश होता की त्याने ते ऐकलंच नव्हतं. भुसावळपासून खालपर्यंत तापीच्या काठी वाढलेलं माणूस समोरच्या काठाला पल्याड म्हणतं. पोट भरायला सुरतेला आलं तरी नदी तीच, आणि समोरच्या काठावरच्या रांदेरला जायचं तर तेही पल्याडच. मधलं पाणी मोजत कुणी बसत नाही. अलीकडे सहा-सहा घरं चालणारा प्रकाश, आणि पल्याड हे सगळं सोडून थेट गाठायचं ठिकाण. एवढ्या मोठ्या गोष्टीला त्या दोघांनी सहज नाव दिलं होतं, आणि ते देताना त्यांना वही लागली नव्हती.

"भागीरथीबाई," तो म्हणाला, "तुमचे फार उपकार झाले."

"उपकार नको. हंडा उचल."

त्याने हंडा तिच्या दारापर्यंत नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात त्याने आधी जुळवलेल्या ओळी मोडून नव्याने जुळवायला घेतल्या. 'पल्याड जायला दोन चकत्या लागतात.' 'ग्रहावरून पल्याड जाता येत नाही.' 'पल्याड गेल्यावर एक डाव बसा.' 'पल्याड जाऊन स्वाती गाठा.' पस्तीस ठिकाणी एकच शब्द. सातव्या-आठव्या वेळेला त्याचा हात थबकला. डोळ्यांसमोर मास्तरांची लाल शाई आली. पण पंधराव्या वेळेपर्यंत त्याला तो शब्द वाचावासुद्धा लागेना, हात आपोआप त्या खिळ्यांकडे जायला लागला. वाचणाऱ्याचंही असंच होईल, हे त्याला कळलं, आणि त्याला फार बरं वाटलं. 'तेजोलंघन' त्याने सगळ्यात शेवटी मोडला. त्या अक्षरांचे खिळे क्षणभर तळहातावर धरले आणि आपापल्या खणात टाकून दिले. मास्तरांवर त्याचा राग नव्हता. निबंध लिहायला त्यांनीच शिकवलं होतं, आणि ते शिकवलं नसतं तर शेठने हे काम त्याला दिलंच नसतं.

ठरल्या दिवशी शेठ आला. पलीकडच्या ओळीतली चार माणसं चटईवर बसवली. त्यांनी हा खेळ कधी पाहिलेला नव्हता. गंगारामला शेठने दाराबाहेर उभं केलं. दगा आणि भागीरथीबाईला आत बसायला मिळालं, पण तोंड न उघडण्याच्या बोलीवर. भागीरथीबाईने ती बोली पाळली, हे त्या दुपारचं सगळ्यात मोठं आश्चर्य.

गंगाराम बाहेर भिंतीला टेकून कान लावून होता. एकदाच कुणी 'म्हणजे काय?' म्हणालं की संपलं. नाव जळगावच्या प्रोफेसराचं लागणार. फासा पडत होता, सोंगट्या सरकत होत्या. एक पोरगेलासा आवाज नियम वाचत होता. मग तोच आवाज थांबला. गंगारामने कान भिंतीला आणखी दाबला.

"चल, मी पल्याड," तो आवाज म्हणाला. "ह्या घ्या दोन चकत्या."

"मग आता एक डाव बस," दुसरा म्हणाला.

"बसलो ना."

एवढंच. खेळ पुढे गेला. तासाभराने एक बाई जिंकली आणि तिने लगेच दुसरा डाव मांडला. शेठ बाहेर आला. "कोई पूछतुं नथी," तो जरा हिरमुसून म्हणाला, कारण त्याला शंका काढायला आवडायचं. "छापो."

डब्ब्याच्या झाकणावरची ओळ गंगारामने स्वतः जुळवली. प्रूफ शेठच्या हातात गेलं आणि शेठचा चष्मा नाकावरून घसरला. कागदावर होतं: 'मराठी शब्द : भागीरथी कोळी, दगा महाजन, गंगाराम तायडे.'

"आ शुं छे?" शेठ म्हणाला. "डब्बो छे के लग्नाची कंकोत्री? आखी चाळ छापशो?"

"शब्द त्यांचा आहे, शेठ. आणि तो एकच ठेवायचा, हे शहाणपण पण त्यांचंच."

"एक नाव ठरलं होतं. ओळीत जागा नथी."

पंधरा वर्षं गंगारामने ह्या एका ओळीची वाट पाहिली होती. तो म्हणाला, "मग माझं काढा. त्यांची दोन ठेवा."

शेठने चष्मा वर सरकवला. "बारीक टाइप घ्या," तो म्हणाला. "तीनही मावतील."

दिवाळीच्या आधी पहिले डब्बे बांधून झाले. एक भागीरथीबाईला दिला. तिने तो देवाच्या फळीवर ठेवला आणि कुणालाही हात लावू दिला नाही. दुसरा घेऊन गंगाराम दगाच्या शेडवर गेला. माग चालू होते. दगाने हात पुसले आणि डब्बा घेतला. गंगारामने त्याचं बोट धरून बारीक टाइपातल्या मधल्या नावावर टेकवलं, आणि तेच बोट दगाच्या छातीवर टेकवलं. दगाला कळलं. त्याने ते नाव अंगठ्याने दोनदा चाचपून पाहिलं, जसा तो कापडाचा पोत पाहायचा.

आसपासचे चार-पाच कारागीर मान वळवून बघत होते. एकाने हनुवटी उडवून विचारलं, हा कोण?

शेडमध्ये प्रत्येक माणसाला हाताचं नाव असतं, हे गंगारामला तेव्हा कळलं. मुकादम म्हणजे मिशीला पीळ. दगा म्हणजे कानावर तळहात. दगाने क्षणभर विचार केला. मग उजव्या हाताच्या चिमटीने हवेतून काहीतरी बारीक उचललं आणि डाव्या तळहातावर हळूच मांडलं. पुन्हा उचललं, पुन्हा मांडलं. खिळे जुळवणारा. शेजारच्या मागावरच्या माणसाने ते उचललं, त्याच्या पलीकडच्याने उचललं, आणि पाहता पाहता ती चिमूट शेडच्या टोकापर्यंत गेली. कुणी त्यात बदल केला नाही.

डब्ब्यावरच्या नावाने गंगारामला आनंद झाला होता. ह्या नावाने त्याला रडू आलं. त्याला 'उपकार झाले' म्हणायचं होतं, पण त्या खडखडाटात म्हणणार कसं, आणि त्यासाठी कोणता हात असतो ते त्याला ठाऊक नव्हतं. तो नवा ओडिया कारागीर सगळ्यात शेवटी शिकला. त्याने दोनदा करून पाहिलं, दगाने मान हलवली, आणि मग त्याने गंगारामकडे बघून तिसऱ्यांदा नीट केलं. गंगारामने डोळे पुसले आणि शाळेत हजेरीला आपलं नाव आलं की करतात तसं बोट वर केलं.